दगड सरेपर्यंत

ट्रॅक्टर वावरात शिरला तेव्हा शामकलाने त्याला हळदकुंकू वाहिलं, चाकापुढे नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा ड्रायव्हरच्या हातावर ठेवला. दुसरा तिने नवऱ्याला दिला. चैतराम वावराच्या कडेला, धुऱ्यावर उभा होता. तुकडा त्याने तसाच हातात धरून ठेवला.

ट्रॅक्टरच्या मागे वाकड्या दातांचं भलंमोठं लोखंडी दाताळं होतं. ते जमिनीत रुतायचं आणि पुढे जाता जाता दगड उपसून वर आणायचं. सरकारकडून ते भाड्याने आणलं होतं भैयाजींनी. मालगुजारी, म्हणजे जुनी जमीनदारी, जाऊन काही वर्षं झाली होती, पण गाव अजून त्यांना मालकच म्हणायचं. स्वतःच्या वावरांचं काम उरकल्यावर त्यांनी हे यंत्र चैतरामच्या दगडाळ बरडावर पाठवून दिलं होतं.

"पाहा, मालकाच्या मनात किती माया हाय आपल्यासाठी," शामकला म्हणाली.

चैतरामने नुसती मान डोलावली. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पंचाईत तीच होती.

हे वावर त्याचं नव्हतंच. भैयाजींच्या वडिलांनी ते त्याच्या बापाला तोंडी बोलीवर दिलं होतं. दगड सरेपर्यंत कसा आणि खा, शेवटचा दगड निघाला की वावर परत. बाप हुशार निघाला. दरसाल थोडे दगड वेचायचा, थोडे राहू द्यायचा. चैतरामनेही तोच रिवाज पुढे चालवला. वावराच्या मधोमध बसलेल्या बैलाएवढा एक धोंडा होता, त्याला तर बापलेकांनी कधी बोटसुद्धा लावलं नाही. बोली ऐकलेली म्हातारी माणसं एकेक करून गेली. आता ती ठाऊक होती फक्त चैतरामला आणि भैयाजींना.

शामकलाला नाही. सोयरीक जुळवताना तिच्या बापाला 'पोराचं घरचं वावर आहे' असं सांगितलं होतं. सोयरिकीत सगळेच थोडंफार वाढवून सांगतात. पुढे खरं सांगायचा मुहूर्त काही लागला नाही. तिच्या लेखी नवरा चांगला होता, फक्त दगड वेचायच्या कामात अट्टल आळशी.

यंत्र घरघरत फिरू लागलं. चैतरामने ड्रायव्हर रामलालला गाठलं. तो गोंदियाचा.

"भाऊ, थोडे राहू द्या ना. दगडानं ओल टिकते."

"अरे भैया, लोग हाथ जोडते हैं, एक भी मत छोडो. और तुम?" रामलाल हसला आणि त्याने गिअर टाकला.

मागोमाग शामकला टोपली घेऊन चालली होती. दाताळ्यातून सुटलेला बारका दगडही ती सोडत नव्हती. पदर खोचलेला, तोंडभर धूळ आणि इतकी खुश की लग्नातसुद्धा ती एवढी हसली नव्हती.

"इथं बांध्या पाडू जी. धान लावू. कोदो खाऊन खाऊन जीव उबगला," ती म्हणाली. "आन् तुमी काऊन उभे राहून राहिले असे?"

"शामकला, आयक."

"काय?"

तिने टोपली खाली ठेवली आणि वर बघितलं. चैतरामने तोंड उघडलं. 

"पाणी पी थोडसं," तो म्हणाला.

संध्याकाळी वावरात एकटा धोंडा उरला. दुसऱ्या दिवशी सकाळी रामलालने त्याच्या चारी बाजूंची माती उकरली, दात खाली घातले आणि ट्रॅक्टर रेटला. कडाकडा आवाज झाला. धोंडा जागचा हलला नाही, दाताळ्याचे दात मात्र तुटले.

भैयाजी स्वतः आले. शामकला तेव्हा विहिरीवर होती.

"निघत नाही का?" त्यांनी विचारलं.

"दात नागपूर से मंगाना पडेगा, साहब," रामलाल म्हणाला. "और मुझे आज दवनीवाडा पहुंचना है."

भैयाजींनी धोंड्याभोवती एक चक्कर मारली. मग चैतरामकडे वळले.

"मग राहू दे. बोली म्हणजे बोली. दगड आहे तोवर वावर तुझ्याकडं."

चैतरामला रडूच आलं. त्याने वाकून भैयाजींच्या पायांना हात लावला. 'हो हो' म्हणत ते निघून गेले.

लेक सासरी निघाल्यावर बाप पोचवायला जातो, तसा चैतराम ट्रॅक्टरला पोचवायला गेला. वाटेतल्या नाल्यात चाक फसू नये म्हणून त्याने स्वतः फांद्या टाकल्या. यंत्र पुन्हा इकडे फिरकणार नाही अशी खात्री झाल्यावरच तो थांबला. दवनीवाड्याच्या बाजारात त्याने शामकलासाठी जिलबी घेतली. येताना मनाशी पक्कं केलं, की आज तिला सगळं सांगायचं. आता भ्यायचं कारण राहिलं नव्हतं.

धुऱ्यावर पाय ठेवला आणि तो तिथेच थबकला. वावर कसं मोकळंमोकळं दिसत होतं. मधोमध खड्डा होता, आणि खड्ड्यापासून धुऱ्यापर्यंत काहीतरी जड ओढत नेल्याची चर पडला होता.

शामकला धावत आली. तळहात सोलवटले होते.

"निघाला जी! यंत्रानं माती मोकळी करून ठेवलीच होती. शेजारच्या बकारामभाऊनं लोखंडी सब्बल मारली, मी साखळी बांधली, चार बैलं जुपले आन् आला बाहेर."

"चार?" चैतरामने खड्ड्याकडे बघत विचारलं. "आपले तं दोनच हाय."

"मनूनच तं मी सोता मालकाच्या घरी गेली. तुमी जलमभर मांगले नसते." ती पदराने घाम पुसत होती. "पण काय सांगू, मालकानं एका शब्दानं नाही मनलं नाही. आपल्या हातानं जोडी सोडून देली आन् मनाले, बाई, मागं एक बी दगड ठेवू नको."