बुटावरची टोपी

शूटिंगसाठी उभारलेल्या पुठ्ठ्याच्या पोलीस चौकीसमोर बसवलेल्या गर्दीत म्हातारी नीराबाई मघापासून धुमसत होती. सिनेमा गावच्याच एका जुन्या प्रकरणावर होता: फौजदार तस्करांची चांदी आपल्या जीपमध्ये भरतो आणि एक कोळी ते बघतो. सिनेमातल्या कोळ्याने बोर्लीच्या बाजारातून आणलेली लाल टोपी फौजदाराच्या बुटावर ठेवली. “सायेब, मी काय बी बगितलं न्हाय!” “आणखी रड. पुन्हा!” दिग्दर्शक ओरडला. नीराबाई ताडकन उठली. तिने बुटावरची टोपी उचलली, वाळू झटकली, नटाच्या डोक्यावर घट्ट बसवली. “कट! आजी, हे काय? तो रडला तरच लोक रडतील.” “रडतील कशाला, मेल्या? चिडू देत की!” ती कडाडली. “माजा दादला फौजदाराला तोंडावर चोर बोलला. त्यानं अशी टोपी काढून बुटावर ठेवली असती, तर त्या चौकीतनं आपल्या पायानं चालत घरी आला असता.”