रांगेतलं भाषण

“ताई, चित्र पुन्हा अडकलं!” ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर फोनवर ओरडली. “बाळंतिणीचं रक्त थांबत नाहीये. डॉक्टरांचे हात थांबलेत.”

तोफेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हॉस्पिटलचं नेटवर्क ती सांभाळायची. तोफ हे नाव अर्थातच तिच्या आवाजावरून लोकांनी ठेवलेलं. थिएटरमधला तरुण डॉक्टर दुसऱ्या शहरातल्या सर्जनबाई व्हिडिओवरून सांगतील तसा एकेक टाका घालत होता. बाईंना जखम दिसेना, त्याला बाई ऐकू येईनात. कारण खाली सभागृहात मोठे साहेब भाषण ठोकत होते. नव्या इमारतीचं उद्घाटन, सगळ्या शाखांत थेट प्रक्षेपण. “माझ्या भाषणात व्यत्यय आला, तर घरी बसायचं,” असं त्यांनी सकाळीच तिला बजावलं होतं.

इंटरनेटची लाइन एकच. भाषणाच्या चित्राने ती तुडुंब भरली होती, आणि सर्जनबाईंचे शब्द त्या चित्रामागे रांगेत ताटकळत होते. रांगेत आणखी जागा करून उपयोग नव्हता. उशीर तेवढा वाढला असता. कुणाला तरी रांगेतून हाकलायलाच हवं होतं.

“बसते घरी!” असं म्हणत तिने कॉम्प्युटरवर रांगेचा नियम बदलला. आधी थिएटर. रांग भरू लागली की भाषणाच्या चित्राचे तुकडे खुशाल टाकून द्यायचे.

“आलं, ताई! अडखळतंय, पण आलं!”

तिकडे शाखाशाखांच्या पडद्यांवर साहेब तोंड वासून गोठले. कुणीतरी त्यांच्या कानात सांगितलं. कॉलरला माइक तसाच ठेवून ते तरातरा वर तिच्या खोलीपाशी आले आणि त्यांनी धाडकन दार ढकललं.

“माझं चित्र कोणी पाडलं?”

“मी!” ती त्यांच्याहून मोठ्यांदा ओरडली. “तुमचं भाषण उद्या केलंत तरी चालेल. ती पोरगी उद्या असेल का, ते विचारा!” आणि तिने फोनचा स्पीकर लावला.

“तिथेच दाबून धर,” सर्जनबाईंचा तुटक आवाज आला. “हात... हलवू... नकोस.” पुढचं कळलं नाही.

साहेब फोनजवळ सरकले. तोफ वाट बघत होती, आता नोकरीचं काय ते सांगून टाका म्हणून.

“माझं अजून काय जातंय त्या लाइनवरून?”

“फक्त आवाज.”

साहेबांनी कॉलरचा माइक ओरबाडून काढला.

“मग तोही पाड.”