नकाशांची खोली

मुलांना खोलीत कोंडायचं नाही, असा आदेश निघून वर्ष झालं. तो पाळला जातोय का, हे बघत मी शाळा-शाळा फिरते. इथल्या मुख्याध्यापकांनी जिन्याखालची खोली स्वतःच उघडून दाखवली. "आता इथे फक्त जुने नकाशे असतात, मॅडम. मुलं इकडे फिरकतसुद्धा नाहीत." कोपऱ्यात खरंच गुंडाळलेले नकाशे होते. अहवालात 'समाधानकारक' लिहायचं तेवढं बाकी होतं.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते बोलत बोलत पटांगणाकडे गेले. मी नकाशे बघायला आत शिरले, आणि वाऱ्याने दार धाडकन आपटलं. बाहेरचा खटका आपोआप बसला. चाचपडून पाहिलं, तर आतून मूठ नाही, कडी नाही. खिडकी नाही, दिवा नाही. पर्स बाहेर बाकावर आणि फोन पर्समध्ये. पन्नाशीची बाई मी, पण अंधारात पुरती घाबरले. हाक मारायचंही सुचेना. दारावर नुसत्या थापा मारत राहिले.

बाहेर छोट्या बुटांचा आवाज आला आणि दारापाशी थांबला. मग फटीतून एका लहान मुलीचं कुजबुजणं ऐकू आलं.


"थापा नको मारूस गं. गप्प बसून शंभरपर्यंत मोज. आवाज केलास की बाई पुन्हा एकपासून मोजायला लावतात."