स्थळासाठी काढलेला फोटो

"फोटो या मुलीचा नाही," म्हणत तिसऱ्या टेबलावरच्या गोऱ्या साहेबानेही फॉर्म परत सरकवला.

झहूरच्या तोंडचं पाणी पळालं. फोटो ताहिराचाच होता, स्थळासाठी काढलेला. "पोर जरा उजळ कर रे भाई," असं कुवेतच्या बाजारातल्या फोटोवाल्याला त्यानेच सांगितलं होतं. भाईने ब्रश फिरवला, काळीसावळी ताहिरा पिठासारखी गोरी झाली. रत्नागिरीच्या मंडळींनी तेवढ्यावर होकार कळवला. निकाहानंतर तोंड बघतील आणि पोरीला परत आणून सोडतील, ही धास्ती बापाला फार उशिरा लागली. दिलेला शब्द मोडायला सबब हवी होती. अमेरिकेतली कॉलेजं प्रवेश द्यायला कुवेतमधल्या या शाळेच्या हॉलमध्ये आजचा एकच दिवस आली होती. प्रवेश मिळाला तर सबब मिळाली, नाहीतर उद्याची मुंबईची बोट. दुसरा फोटो काढावा, तर शुक्रवार, बाजार बंद.

"अब्बा, ते कोपऱ्यातलं राहिलंय," ताहिरा म्हणाली.

ते काळ्या लोकांचं कॉलेज होतं. टेबलामागे एक काळी, वयस्क बाई एकटीच बसली होती. येताना झहूरने ते टेबल मुद्दाम टाळलं होतं. काळ्यांत पोर धाडली म्हणून लोक तोंडात शेण घालतील, असं त्याला वाटलं होतं. आता लाज धरून चालणार नव्हतं.

बाईने फोटो पाहिला, मग ताहिराला पाहिलं. झहूरचा धीर सुटला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत तो म्हणाला, "मॅडम, पोर हीच. मीच गोरी करून घेतली. गुन्हा माझा, तिला सजा नको."

बाईने कॉलेजचा जुना आल्बम उघडला आणि मुलींच्या रांगेतल्या एका पांढऱ्याफटक चेहऱ्यावर बोट ठेवलं.

"कोण ही?" झहूरने विचारलं.

"मी. माझ्याही वडिलांनी फोटोवाल्याला हेच सांगितलं होतं."

झहूरची मान खाली गेली. बाईने फॉर्मवरचा फोटो हलकेच सोडवून त्याच्या हातात दिला. प्रवेशाचा शिक्का मारला. मग फोटोच्या रिकाम्या चौकोनात सही करून वर लिहिलं, "मुलीला मी स्वतः पाहिलं आहे."