इब्रीतला लाडका डच

ओमानमधल्या इब्री गावातल्या सलूनच्या भिंतीवर सहा नावाजलेल्या फुटबॉलपटूंचे फोटो होते. पण गावात बघावं त्याचे केस त्यातल्या एकट्या डच खेळाडूसारखे. बाकीच्या पाचांना कुत्रं विचारत नव्हतं.

सलूनचा ओमानी मालक आपल्या चिपळूणच्या कारागिरावर, उत्तमवर, जाम खूश. "उत्तम, हा डच सगळ्यांचा बाप निघाला! बाकीचे उतरव, याचाच मोठा फोटो दारावर लाव," म्हणत तो स्वतः खुर्चीत बसला. "माझे मात्र त्या ब्राझीलवाल्यासारखे काप. यल्ला, चल लवकर!"

उत्तमने भिंतीवरच्या ब्राझीलवाल्याकडे एकदा पाहिलं. "इन्शाल्ला, अर्बाब," असं मालकाला म्हणत त्याने कात्री उचलली.



अर्ध्या तासाने आरशात तोच डच बघून मालकाने मान वळवली, तसा उत्तम हळूच म्हणाला, "गिऱ्हाईक कुणाच्याही फोटोवर बोट ठेवो, अर्बाब, मला एवढा एकच कट येतो."