पांघरूण

तिला जाग आली तेव्हा अंगावर शाल होती.

खुर्चीतच मान वाकडी होऊन डोळा लागला होता. बाहेर ऊन होतं, चारही वाजले नसावेत. ती तशीच बसून राहिली. ऊब बरी वाटत होती. मग तिच्या ध्यानात आलं, शाल दारामागच्या खुंटीवर असते.

आणि घरात दोघंच होती.

नवरा पलंगावर उताणा पडला होता, डोळे मिटून. डावा पाय दोन उशांवर, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पट्टीत. गवंड्याचा पाय. ओलं सिमेंट बुटात शिरलं तरी स्लॅब पुरा होईपर्यंत हा गडी हलला नव्हता. नडगी पार जळाली. मांडीवरची कातडी काढून तिथे बसवली, ती धरली नाही. कारण लघवीला बाटली कसली देतेस म्हणून साहेब दुसऱ्याच दिवशी चालत मोरीपर्यंत गेले. आता ही दुसरी.

"पाच दिवस पाय खाली सोडायचा नाही," डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. त्याला नाही, तिला. "लोंबला तरी आत रक्त साचतं, कातडी उचलली जाते. ही गेली तर पायाची खात्री मी देणार नाही."

आज चौथा दिवस. बाटली देणं, पाठ पुसणं, मांडीवरच्या जखमेला चादर चिकटू नये म्हणून ती उचलून धरणं. रात्री ती पलंगाच्या कडेवर हात ठेवून बसायची, उतरला तर कळावं म्हणून.

खुर्चीपासून दारापर्यंत सात पावलं. तिने खिडकीकडे पाहिलं. मघा उघडी होती, आता तीही लावलेली. तिची कडी एवढी घट्ट, की दोन्ही पाय रोवून रेटल्याशिवाय बसत नाही.

"अहो."

त्याच्या पापण्या हलल्या.

"सोंग पुरे. खाली उतरलात ना?"

"वारं सुटलं होतं," तो डोळे न उघडताच म्हणाला. "कुडकुडत होतीस."

"तोंड होतं ना? हाक मारायची."

"हाक मारली असती तर उठली असतीस."

"पाय टेकवलात?"

"छे. लंगडी घालत गेलो. पोरासारखा."

तिने ओरडायला तोंड उघडलं, पण अंगात त्राणच नव्हतं. आवाज निघाला तो भलताच बारीक.

"एकोणचाळीस वर्षांत कधी माझ्या अंगावर पांघरूण घातलंत का हो? नेमकं आजच सुचावं?"

आता त्याने डोळे उघडले.

"एकोणचाळीस वर्षांत माझ्याआधी कधी झोपलीस तू?"

ती उठली. त्याच्या पायाखालची उशी सारखी केली, पट्टीवरून नजर फिरवली. वरून पांढरी होती. आतलं उद्या दहा वाजता डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडल्यावरच कळणार होतं.

खिडकीची कडी पुरती बसली होती.

तिने शाल काढून घडी करायला घेतली, अर्ध्यावर थांबली, आणि पुन्हा खांद्यांवर ओढून घेतली.