दारचा पाळणा

द्वारकाबाईंनी आश्रमाची जुनी वही पुन्हा टेबलावर उघडून ठेवली. या कचेरीतली ही चौथी खेप होती.

“बघा साहेब, ही बाई दोन दिवसांची असताना आमच्या दारच्या पाळण्यात सापडली. मीच उचलून आत आणली. सहा महिन्यांची झाली आणि हॉलंडला दत्तक गेली.”

मागच्या बाकावर ती बाई आपल्या लेकीला घेऊन बसली होती. हॉलंडच्या नागरिक असूनही दोघींना, भारतीय वंशाच्या परदेशी लोकांना मिळतं ते, भारताचं कार्ड हवं होतं, आणि आईला मिळालं तरच लेकीला मिळणार होतं.

“पण हिचे आईबाप भारतीयच होते कशावरून?” कारकुनाने विचारलं.

“पाळण्यात मूल ठेवायला ते काय विमानानं आले असतील?”

कारकून हसला नाही. त्याने साक्षीदाराचा अर्ज पुढे ओढला. “बरं, तुम्ही साक्ष द्या. वडिलांचं नाव सांगा.”

“अनंत भिकाजी टेंबे.”

त्याचं पेन थांबलं. वहीत त्या बाईच्या नावापुढेही हेच नाव होतं. “म्हणजे तुम्ही बहिणी?”

“आश्रमाचे अण्णा ते. पाळण्यातल्या प्रत्येक पोराला बाप म्हणून आपलंच नाव लावायचे.” द्वारकाबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. “मीही त्याच पाळण्यातली, साहेब. मला न्यायला कुणी आलं नाही, एवढाच फरक. म्हणून तर अडुसष्ट वर्षांत, मी इथली कशावरून, हे मला कुणी विचारलं नाही.”